हिरमोडसाहेब स्वतःच्या घरी पाहणीला येतात

आमच्या घरात शिव्या दिलेल्या चालतात. मोठ्या आवाजात भांडलेलं चालतं, दार आपटलेलंही एक वेळ चालतं. पण “माझी निराशा झाली” एवढं म्हणून बघा. आमचे हे हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतात, चष्मा नाकावर चढवतात आणि विचारतात, “निराशा? नक्की?” मग पाऊण तास गेलाच म्हणून समजा.

यात दोष ह्यांचा नाही, नोकरीचा आहे, असं मी सुरुवातीला माहेरी सांगायचे. आता सांगत नाही, कारण आता मला खरं काय ते कळलंय. ही नोकरी ह्यांच्यासाठीच बेतून शिवली होती.

हे गाद्यांच्या कारखान्यात तक्रार विभागात आहेत. गादी घेतलेल्या माणसाचं पत्र आलं की हे त्याच्या घरी पाहणीला जातात. खांद्याला तपकिरी पिशवी, पिशवीत फूटपट्टी, एक काचेची गोटी, छापील फॉर्म आणि चार रबरी शिक्के. गोटी गादीवर ठेवायची आणि ती कुठे घरंगळते ते बघायचं. फूटपट्टीने खड्डा मोजायचा. मग ग्राहकाचं दुःख कोणत्या श्रेणीत बसतं ते ठरवून शिक्का मारायचा. पहिली श्रेणी कुरकुर. तिला छापील दिलगिरीचं पत्र मिळतं. दुसरी हिरमोड, त्यावर उशीचा एक अभ्रा. तिसरी अपेक्षाभंग, त्यावर एक अख्खी उशी. आणि चौथी निराशा. निराशेचा शिक्का बसला तरच गादी बदलून मिळते.

हा शिक्का ह्यांनी पंचवीस वर्षांत नऊ वेळा मारलाय. नऊच्या नऊ वेळा तोंडपाठ आहेत. लोक घरातली लग्नं आणि बारशी लक्षात ठेवतात, तशा ह्यांना निराशा लक्षात आहेत. लेकीला सांगतात, “तू झालीस ना, ते चौथ्या निराशेच्या आदल्या आठवड्यात.” हिरमोड मात्र हे सढळ हाताने वाटतात. त्यामुळे कारखान्यात ह्यांचं नावच हिरमोडसाहेब पडलंय.

ह्यांची सगळी तपासणी एका प्रश्नावर उभी आहे. “आपली अपेक्षा काय होती?”

ऐकायला साधा वाटतो, पण भल्याभल्यांची त्यावर बोबडी वळते. तावातावाने बोलणारा माणूस एकदम छताकडे बघायला लागतो. एक बाई म्हणाल्या, “गादी नवी आली तरी आमच्या ह्यांचं घोरणं काही कमी झालं नाही.” हे शांतपणे म्हणाले, “घोरण्याबद्दल कंपनीने कोणतंही आश्वासन दिलेलं नाही,” आणि कुरकुर हाणून परत आले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, “मला वाटलं होतं, जरा बरं वाटेल.” ह्यांनी विचारलं, “कशामुळे?” ते म्हणाले, “सगळ्यामुळेच.” गोटी कुठेही घरंगळली नव्हती, तरी हे त्या आजोबांना अपेक्षाभंग देऊन आले आणि वर नियमाबाहेर जाऊन दुसरी उशीही.

चांगल्या मूडमध्ये असले की हे आम्हाला समजावूनही सांगतात. तयार होऊन बसलात आणि गोष्ट घडलीच नाही, तर तो हिरमोड. घडली पण मनासारखी घडली नाही, तर तो अपेक्षाभंग. आणि निराशा म्हणजे वाट पाहिली, गोष्ट हातात आली, बघितली, आणि आता पुढे वाट बघायलाही काही उरलं नाही. “म्हणून सांगतो, उठसूट निराशा निराशा करू नये. माणसाला आयुष्यात दोन-तीनच परवडतात.”

मी एका दातांच्या दवाखान्यात नावं पुकारायचं काम करते. आमच्याकडे कुणाची निराशा होत नाही. दुखणारच अशी खात्री बांधून माणसं येतात, आणि दुखतंच. हे ऐकून ह्यांना आमच्या डॉक्टरबाईंबद्दल फार आदर वाटला होता.

आता असला माणूस घरात कसा वागत असेल ते सांगायला नको. लेक आठ वर्षांची असताना चित्रांच्या स्पर्धेत हरून रडत घरी आली.

“अपेक्षा काय होती?”

“पहिला नंबर.”

“मुलं किती होती?”

“चाळीस.”

“चित्र कधी काढलंस?”

“सकाळी. बसमध्ये.”

“कुरकुर,” हे म्हणाले. पोरीचं रडणं जागच्या जागी थांबलं, कारण आता ती संतापली होती. अजूनही ती परगावाहून फोन करते तेव्हा आधी विचारते, “बाबा शेजारी आहेत का?” आणि मगच मनातलं सांगते.

लग्नाला महिना झाला असताना आम्ही तळ्यावर फिरायला गेलो होतो. तीन तास बसचे हादरे खाऊन पोचलो, तर बोटींना रंग लावायचा होता म्हणून सगळ्या बोटी काठावर पालथ्या पडलेल्या. माझे डोळे भरून आले. हे म्हणाले, “बोटी बंद असतील असं धरून निघालो असतो, तर आज नुसतं तळं बघूनही आनंद झाला असता.” त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिरमोड होता तो, हे मलाही मान्य आहे. पण नवी नवरी आणि रंगाचा वास, काहीतरी सवलत द्यायला हवी होती की नाही?

तर मुद्दा गादीचा.

कारखान्याचा नियम असा की पंचवीस वर्षं नोकरी झाली की माणसाला हवी ती गादी भेट मिळते. आमच्याकडे लग्नातली कापसाची गादी होती. ती झिजून झिजून इतकी पातळ झाली, की पडल्या पडल्या खालच्या पलंगाच्या फळ्या पाठीने मोजता याव्यात. सात होत्या. मी नवी घेऊ म्हटलं की हे म्हणायचे, “आता कशाला? मिळणारच आहे की. अठराच वर्षं राहिली.” मग “बाराच राहिली.” मग “सहा म्हणजे काय, बघता बघता जातील.” ह्यांनी निवडही तरुणपणीच करून ठेवली होती. कारखान्याची सगळ्यात भारी गादी. तिचं नाव परमसुख.

पंचवीस वर्षं मी ह्यांच्या पाहण्यांच्या गोष्टी ऐकलेल्या. आपण कुठे कमी पडायला नको, म्हणून गादी यायच्या आदल्या दिवशी मी एका कागदावर माझी अपेक्षा लिहून काढली. दोन्ही कुशींवर झोपता यावं. हे वळले तर मी पडू नये. सकाळी पहिल्याच प्रयत्नात कंबर सरळ व्हावी. खाली तारीख घातली आणि समोरच्या काकूंची साक्षीदार म्हणून सही घेतली. काकूंनी सहीआधी विचारलं, “मृत्युपत्र आहे का गं?”

“नाही हो, गादी आहे.”

“मग ठीक आहे,” म्हणून त्यांनी झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी चार माणसं परमसुख घेऊन जिना चढली. सोबत मोठ्या साहेबांचं अभिनंदनाचं पत्र आणि एक पुष्पगुच्छ. प्लॅस्टिक काढलं, गादी पलंगावर घातली, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. गादीच्या बरोबर मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत, एक उंचवटा होता. उंचवटा कसला, टेकडीच. एका उतारावर हे आणि दुसऱ्या उतारावर मी. शिवाय ह्यांच्या बाजूला आत कुठेतरी एक स्प्रिंग वर डोकं काढू बघत होती. लोक डोंगर पोखरतात आणि आतून उंदीर निघतो. आमच्या वाट्याला अख्खा डोंगरच आला होता.

“नवी आहे,” हे गादीवर थोपटत म्हणाले. “बसेल.”

ती बसली नाही. आम्हीच बसत होतो, रोज पहाटे, आपापल्या कडेला पाय टेकवून, पडू नये म्हणून. ह्यांना सकाळी उभं राहायला कपाटाचा आधार लागायला लागला. तरी उठल्या उठल्या माझ्याकडे बघून म्हणायचे, “छान झोप लागली.” आणि थांबायचे. मी दात घासायला निघून जायचे. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी सकाळी सकाळी कोण लागणार?

तक्रारीची मुदत तीस दिवस. त्यानंतर परमसुख जन्माचं गळ्यात, टेकडीसकट. मी विनवलं, भांडले, अबोला धरला. हे ढिम्म. “अगं, स्वतःच्या कंपनीची तक्रार स्वतःच करायची? आणि कशाबद्दल? मला तर झोप लागते.” बाविसाव्या दिवशी माझी सहनशक्ती संपली. दवाखान्यात दोन नावांच्या मधल्या वेळात मी रीतसर तक्रार लिहिली, पाकिटात घातली आणि पोस्टात टाकली. पत्ता: तक्रार विभाग.

विभागात पाहणी करणारे हे एकटेच. मोठे साहेब पत्र वाचून पोट धरून हसले म्हणे, आणि मग डोळे पुसून म्हणाले, “नियम म्हणजे नियम. जाऊन या.” हे घरी एक अक्षर बोलले नाहीत. दोन दिवसांनी संध्याकाळी येताना खालच्या पेटीतून टपाल घेऊन आले आणि त्यातलं एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. ‘आपल्या तक्रारीची पाहणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता करण्यात येईल. ग्राहकाने घरी असावे.’ खाली ह्यांची सही.

“कळलं ना?” ह्यांनी विचारलं.

“कळलं,” मी म्हटलं. “भाजी वाढू?”

मंगळवारी हे नेहमीसारखे नऊला बाहेर पडले आणि अकराला परत आले. किल्ली खिशात असताना घंटी वाजवली. मी दार उघडलं.

“नमस्कार. तक्रार विभाग.”

“या.”

पायपुसण्यावर पाय पुसले, जसे गेल्या पंचवीस वर्षांत एकदाही पुसले नव्हते. “गादी कुठे आहे?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“ताई, विचारावं लागतं.”

मी पाणी आणलं. ग्राहकाकडचं काही घेता येत नाही म्हणाले. अकराची रक्तदाबाची गोळी कोरडीच गिळली आणि ठसका लागला. तेव्हाही ग्लासाला हात लावला नाही. समोरच्या काकू, साक्षीदार म्हणून की तमाशा बघायला ते देवाला ठाऊक, विणकाम घेऊन खुर्चीत बसल्या होत्याच.

ह्यांनी फॉर्म काढला, पेन उघडलं. “आपली अपेक्षा काय होती?”

मी कागद पुढे केला. ह्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. तारखेवर बोट ठेवलं. पंचवीस वर्षांत गादीच्या आधी अपेक्षा लिहून ठेवणारं गिऱ्हाईक ह्यांना पहिल्यांदा भेटत होतं, आणि ते नेमकं घरचं निघालं होतं.

“साक्षीदार हजर करता येतील?”

“हजर आहे,” काकू टाका न चुकवता म्हणाल्या.

“गादी किती जण वापरतात?”

“दोन.”

“दुसरी व्यक्ती?”

“माझे यजमान.”

“त्यांचं काय म्हणणं आहे?”

“ते म्हणतात, छान झोप लागते.”

ह्यांनी ते लिहून घेतलं. मग पेन थोडं थांबलं. “त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येईल का?”

“एरवी डोळे मिटून ठेवा,” मी म्हटलं. “गादीच्या बाबतीत नको.”

गोटी टेकडीच्या माथ्यावर ठेवली. ती क्षणभर विचारात पडली आणि मग धावत जाऊन कपाटाखाली गेली. हे गुडघ्यावर बसून फूटपट्टीने तिला बाहेर काढत होते तेव्हा मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटत होतं, कारण उठताना ह्यांनी कमरेवर हात ठेवला होता. उंचवटा आठ बोटं भरला. ह्यांनी आकडा लिहिला, पण शिक्क्याच्या डबीकडे हात जाईना.

“आता एकच राहिलं,” मी म्हटलं. “वीस मिनिटं.”

कारण नियमच तसा आहे. पाहणी करणाऱ्याने स्वतः गादीवर वीस मिनिटं पडून बघायचं आणि कितीदा कूस बदलली ते लिहायचं. हे मला माहीत होतं, म्हणूनच तर मी तक्रार केली होती. माझा नवरा घरात खोटं बोलतो हे मी बावीस दिवस बघत होते. पण फॉर्मवर? फॉर्मवर हा माणूस मान कापली तरी खोटं लिहिणार नाही.

ह्यांनी चष्मा काढून ठेवला आणि आडवे झाले. मी घड्याळ घेऊन स्टुलावर बसले. पहिली पाच मिनिटं हे ओंडक्यासारखे पडून राहिले. सहाव्या मिनिटाला डावीकडे वळले. “एक,” मी म्हटलं. मग उजवीकडे, आणि घसरत थेट कडेपर्यंत. “दोन.” काकू विणता विणता माझ्याबरोबर मोजायला लागल्या. अकरापर्यंत मोजलं आणि हे थांबले.

“टोचतंय,” ह्यांचा आवाज आला.

“काय म्हणालात?”

“टोचतंय. डावीकडे, कमरेखाली. पहिल्या दिवसापासून टोचतंय.”

“मी लिहून घेऊ का?” काकूंनी विचारलं. मी त्यांना तुमच्याकडे दूध उतू जातंय वाटतं असं सांगितलं. त्या बिचाऱ्या विणकाम काखेत मारून धावल्या. दूध त्यांनी सकाळीच तापवलं होतं.

मी जिंकले होते. पण हे उठून बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून असे काही दिसायला लागले, की जिंकल्याचं काही वाटेना. मी फॉर्म आणि पेन उचललं. सवय ह्यांची, पण प्रश्न आज माझ्या तोंडून आला.

“तुमची अपेक्षा काय होती?”

हे छताकडे बघायला लागले. हुबेहूब त्यांच्या गिऱ्हाइकांसारखे.

“गादीकडून?” हे म्हणाले. “गादीकडून काही नव्हती. मला फळ्यांची सवय होती.”

“मग?”

“तुला मी इतकी वर्षं थांब थांब म्हणत आलो. वाटलं होतं, ही आली की पहिल्या सकाळी तू म्हणशील, थांबलो ते बरं झालं. एवढंच.” मग चष्मा शोधत पुढे म्हणाले, “रोज उठलो की तुझ्या तोंडाकडे बघायचो. म्हटलं, मी छान म्हटलं की तूही म्हणशील.”

आणि मी रोज दात घासायला निघून जात होते.

मला रडू आलं. रागही आला, कारण हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दोघांच्या कमरा वाचल्या असत्या. असल्या माणसाला मिठी मारावी की गोटी फेकून मारावी ते कळेना. मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि ताबडतोब दुसऱ्या उताराला घसरले. ह्यांनी माझा दंड धरला आणि एका हाताने तसंच धरून ठेवलं.

“श्रेणी कोणती लिहू?” मी नाक पुसत विचारलं.

ह्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, स्वतःच लिहिलं, आणि फॉर्म माझ्यापुढे धरला. ग्राहकांच्या नावाच्या रकान्यात माझ्या नावाखाली ह्यांनी आपलंही नाव घातलं होतं.

“दहावी निराशा,” हे म्हणाले. “आणि तू... तू ते वाक्य म्हणशील का गं?”

“म्हणेन की,” मी म्हटलं. “पण आधी ही बदलून आणा.”